बॅटरी नवी, अल्टरनेटर दुरुस्त, तरी चार्जिंगचा दिवा मिणमिणतो (डिझेल पिकअप)

खाडीपट्टा

नमस्कार मंडळी. गाडी दीड टनी डिझेल पिकअप, २०१४ची, बीएस-३, मेकॅनिकल पंपाचं अडीच लिटरचं इंजिन. बॅटरी १२ व्होल्ट ८० एएच, अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो) ७० अँपिअरचा आणि त्याच्याच शेपटाला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. काम मासळीचं, रत्नागिरीहून अंबा घाटाने कोल्हापूर, बहुतेक रात्रीचं.

हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर एकदम चालू केले की मीटरमधला चार्जिंगचा दिवा अंधुक लालसर पेटतो. पूर्ण पेटत नाही. लोड बंद केला की विझतो. रेस दिल्यावर विझायला हवा, पण उलट जरा जास्तच दिसतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ जड फिरतो.

आतापर्यंत बॅटरी नवी टाकली. अल्टरनेटर खोलून ब्रश, बेअरिंग आणि रेग्युलेटर बदलले. बेल्टही नवा. आता एक जण म्हणतो डायोड प्लेट गेली, दुसरा म्हणतो ९० अँपिअरचा अल्टरनेटर बसवा. आणखी पैसे घालण्याआधी नीट मोजून बघायचं आहे. मल्टीमीटर आहे, डीसी क्लॅम्प मीटर मिळू शकतो. काय मोजू, कुठे मोजू आणि कितीच्या आत यायला हवं?

तांब्याची तार

दादा, अजून एकही पार्ट घेऊ नका. रेस वाढवल्यावर दिवा जास्त दिसतो, ही खूण फार मोलाची आहे. ती अल्टरनेटरच्या आतल्या बिघाडापेक्षा वायरिंगकडे जास्त बोट दाखवते. का, ते आधी सांगतो.

तुमच्या गाडीत त्या दिव्याची एक बाजू चावीवरून बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी अल्टरनेटरच्या डी प्लसला आहे (काही अल्टरनेटरवर तिथे ‘एल’ लिहिलेलं असतं). चावी ऑन केली की बल्बमधून थोडा करंट अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या रोटरला जातो आणि अल्टरनेटर जागा होतो. तो फिरून तयार करायला लागला की डी प्लसवर बॅटरीइतकंच व्होल्टेज येतं, बल्बच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा पेटणं याचा अर्थ एवढाच की दोन बाजूंत फरक आहे. अल्टरनेटर काहीच देत नसेल तर फरक १२ व्होल्टचा, दिवा लख्ख. फरक दीड-दोन व्होल्टचा असेल तर अंधुक, तोही रात्रीच दिसणारा.

आता फरक दोन्ही दिशांनी पडू शकतो. आतले फील्ड डायोड (रोटरला करंट पुरवणारे छोटे डायोड) गेले तर डी प्लस खाली येतो. बी प्लसच्या (अल्टरनेटरचा मुख्य बोल्ट, जिथून बॅटरीला करंट जातो) जाड वायरीत किंवा फ्यूजच्या जोडात रेझिस्टन्स असेल, तर डी प्लस १४ च्या वर असतो आणि बॅटरीच मागे राहते. बल्बला दोन्ही सारखंच, तो तसाच मिणमिणतो. म्हणून नुसत्या दिव्यावरून डायोड प्लेटवर शिक्का मारता येत नाही. जास्त करंट वाहिला की वायरीतला ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारं व्होल्टेज, वाढतो, त्यामुळे लोड आणि रेस वाढल्यावर दिवा वाढत असेल तर पहिला संशय वायरीवर घ्यावा.

मोजणी अशी करा:

१. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काहीही चालू न करता बॅटरीचं व्होल्टेज. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. नुकतीच गाडी चालवून किंवा चार्जर काढून मोजलं तर आकडा फुगलेला येतो. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा.

२. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर किमान किती येतं ते. ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनसचा खांब हेही मोजा. ते ०.३ च्या आत हवं.

३. इंजिन गरम, रेस २००० आरपीएमला धरून, हाय बीम, ब्लोअर पूर्ण, वायपर, असतील तर फॉग लॅम्प, सगळं चालू. आता चार आकडे घ्या: बॅटरीवर, अल्टरनेटरच्या बी प्लस ते त्याच्याच बॉडीवर, बी प्लस ते बॅटरीचा प्लस, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. शेवटच्या दोन मोजण्या म्हणजेच ड्रॉप. प्लस बाजूला ०.३ पर्यंत चालेल, मायनस बाजूला ०.२ च्या आत. क्लॅम्प मीटर बी प्लसच्या वायरीवर लावून अँपिअरही लिहा, कारण लोड नसताना घेतलेला ड्रॉप कशाच कामाचा नाही.

४. त्याच स्थितीत बी प्लस आणि डी प्लस यांच्यातला फरक. फील्ड डायोड ठीक असतील तर जवळजवळ शून्य.

५. मीटर एसीवर टाकून बी प्लस ते बॉडी. ०.३ च्या आत असेल तर मुख्य डायोड ठीक, ०.५ च्या वर गेलं तर डायोड प्लेट खोलायची. काही स्वस्त मीटर डीसी असतानाही एसीवर खोटा आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून बॅटरीवर एसी मोजा आणि प्रोब उलटे करूनही बघा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मीटरवर विश्वास ठेवा.

प्रोब लगवर (वायरीच्या टोकाचा भोकाचा तुकडा) किंवा बॅटरीच्या क्लॅम्पवर ठेवू नका. थेट बोल्टच्या डोक्यावर आणि खांबाच्या शिशावर टेकवा. खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला गंजही मोजणीत यायला हवा.

आणि काहीही झालं तरी इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनॅमो चालतो का’ बघू नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज क्षणभर कितीही उसळतं आणि धडधाकट रेग्युलेटर, डायोड त्यात जातात. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल) गाडीत ईसीयू, म्हणजे तो कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. ही चाचणी अजून खूप ठिकाणी सर्रास होते, म्हणून मुद्दाम लिहितो.

डोंगरवाट

वरच्या मोजण्यांबरोबर एक जागा डोळ्यांनी बघा. तुमच्या गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या शाफ्टवर आहे. त्याला इंजिनचं ऑइल बारीक पाइपने येतं आणि जाड पाइपने इंजिनच्या तळच्या ऑइल चेंबरला परत जातं. मधलं सील कडक झालं, परतीचा पाइप दबला किंवा इंजिनमध्ये ब्लो-बाय (पिस्टनजवळून खाली गळणारा गॅस) जास्त असेल, तर ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं. कार्बन ब्रशची पूड आणि ऑइल मिळून काळा चिकट लेप तयार होतो, ब्रश होल्डरमध्ये अडकतात आणि चार्जिंग कधी आहे, कधी नाही असं होतं. मागच्या झरोक्यांवर काळं ओलसर दिसलं तर समजा सुरुवात झाली. नवे ब्रश टाकून हे थांबत नाही, सील बदलावंच लागतं आणि परतीचा पाइप फुंकून मोकळा करावा लागतो.

दुरुस्तीहून आलेला अल्टरनेटर बसवताना पंपाच्या ऑइलच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं होतं का, तेही विचारा. पहिल्या स्टार्टला पंप कोरडा फिरला तर व्हेन (आतल्या पात्या) घासतात. बसवल्यावर ब्रेकची चाचणी करा: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून व्हॅक्यूम संपवा, पाय दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे.

या बांधणीच्या गाडीत बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकचा व्हॅक्यूमही जातो. मेकॅनिकल पंपाचं इंजिन चार्जिंगवाचून चालत राहतं, त्यामुळे दिव्याकडे लक्ष नसेल तर घाट उतरताना पेडल दगडासारखं लागेपर्यंत काही कळत नाही. अचानक दिवा लख्ख पेटला तर पुढच्या वळणाची वाट न बघता खालच्या गिअरवर गाडी बाजूला घ्या. बेल्टचा ताण दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबून १० मिमीच्या आसपास. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत सैलावतो, तो पुन्हा ताणावा लागतो. व्ही बेल्ट पुलीच्या खाचेच्या तळाला टेकत असेल तर कितीही ताणला तरी घसरणारच.

खाडीपट्टा

दोघांचेही आभार. अल्टरनेटरची मागची बाजू कोरडी आहे, ब्रेकची चाचणी बरोबर आली. आकडे असे:

सकाळी बॅटरी १२.३५. सेल्फ मारताना बॅटरीवर किमान १०.१, ब्लॉक ते मायनस १.९.
२००० ला लोड नसताना बॅटरीवर १३.७.
लोडवर बॅटरी १२.६, बी प्लस ते बॉडी १४.२, बी प्लस ते बॅटरी प्लस १.१५, बॉडी ते बॅटरी मायनस ०.४२, क्लॅम्पवर ४१ अँपिअर.
बी प्लस आणि डी प्लसमध्ये ०.०५. एसी ०.१२.

गाडी बंद करून मायनसमध्ये मीटर टाकून पाहिलं तर ३१० मिलिअँपिअर जातो आहे. हा डायोडमधून तर जात नसेल?

तांब्याची तार

तुमचा अल्टरनेटर उत्तम आहे. १४.२ आणि ४१ अँपिअर तो देतो, एसी ०.१२ म्हणजे मुख्य डायोड ठीक, ०.०५ म्हणजे फील्ड डायोड ठीक. हिशेब जुळवून बघा: १४.२ मधून १.१५ आणि ०.४२ वजा केले की १२.६३ उरतात आणि बॅटरीवर तुम्हाला तेवढेच दिसले. जे हरवतं आहे ते सगळं वाटेत हरवतं आहे.

प्लस बाजूला १.१५ गुणिले ४१ म्हणजे जवळपास ४७ वॅट उष्णता. ती पूर्ण वायरीत पसरलेली नसते, एखाद्याच जोडात साठते. गाडी अर्धा तास लोडवर चालवून, बंद करून, लगेच बी प्लसची वाट हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. सांभाळून, चटका बसेल. मोठा फ्यूज बोल्टने आवळलेला असतो तिथलं प्लॅस्टिक पिवळट किंवा वितळलेलं दिसण्याची शक्यता जास्त. फ्यूजच्या पट्टीला केसासारखी चीर असली तरी कंटिन्युइटीला मीटर बीप देतं, त्यावर जाऊ नका. एक प्रोब बॅटरी प्लसवर ठेवून दुसरा पुढे सरकवत जा: फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, लगवर, वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर, बी प्लसच्या बोल्टवर. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी घेईल तिथेच रोग.

मायनस बाजूला ०.४२ आणि सेल्फला १.९. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. बॅटरीवर १०.१ आहेत, त्यातले १.९ इंजिनच्या अर्थिंगमध्येच गेले, म्हणजे सेल्फला फार तर ८.२ मिळाले. सेल्फ जड फिरण्यात उतरलेल्या बॅटरीइतकाच याचा हात आहे. मासळीच्या गाडीत हे नेहमीचं. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून चेसिसवर गळतं आणि इंजिन ते चेसिसची विणलेली अर्थ पट्टी आतून हिरवी पूड होते. वरून पट्टी शाबूत दिसते. अशा वेळी करंट दुसरी वाट शोधतो, अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून परततो आणि केबल तापून आवळतात.

पट्टी नवी घ्या, ३५ चौरस मिमी तांबं, आणि शक्य असेल तर एक वायर ब्लॉकवरून थेट बॅटरीच्या मायनसला ओढा. चेसिसवरचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि ग्रीस सगळं आवळल्यावर वरून लावा. बी प्लसला १६ चौरस मिमी वायर. अशा दोन मीटर वायरीत ६० अँपिअरला ०.१३ व्होल्टच पडतो, ६ चौरस मिमीत ०.३५ पडतो. लग हातोडीने चेपू नका, दाबयंत्रावर दाबून घ्या. फ्यूज मूळ रेटिंगचाच. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा टाकला तर शॉर्ट झाल्यावर हार्नेस पेटतो.

९० अँपिअरचा अल्टरनेटर विसरा. त्याच जोडातून जास्त करंट लोटला तर तो आणखी तापेल, शिवाय व्हॅक्यूम पंपाची जोडणी आणि पुली जुळवण्याचं काम वेगळंच.

३१० मिलिअँपिअरचं: दिवसाला ७.४ एएच, दोन दिवसांत १५. आधीच पाऊण भरलेल्या ८० एएच बॅटरीला ते जाणवणारच. डायोडमधून जातो का बघायचं तर आधी बॅटरीचा मायनस काढा, मग बी प्लसची वायर सोडवून टेप गुंडाळा, आणि पुन्हा मोजा. आकडा तेवढाच राहिला तर डायोड निर्दोष. मग फ्यूज एकेक काढत जा. मीटर मायनसमध्ये लावलेला असताना चावी ऑन करू नका, सेल्फ तर नाहीच, मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडेल.

काळी माती

आमच्याकडे भाजीच्या गाड्या आहेत, त्यातल्या दोन बीएस-६. त्यांत चार्जिंग कधी १२.७, कधी १४.८ दाखवतं. मेकॅनिक अल्टरनेटर बदला म्हणतो. हीच मोजणी लागू पडेल का?

डोंगरवाट

ड्रॉपची मोजणी कोणत्याही गाडीला लागू, पण १४.२ ची अपेक्षा धरू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू ठरवतो किती चार्ज करायचं. बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असेल आणि अल्टरनेटरला जाड वायरीशिवाय एक-दोन बारीक वायरींचा कनेक्टर असेल, तर ती तशी गाडी समजा. बॅटरी भरलेली असताना चढावर व्होल्टेज खाली सोडायचं आणि उतारावर पाय काढला की वर न्यायचं, ही तिची नेहमीची पद्धत. हेडलाइट आणि ब्लोअर लावून काही मिनिटं बघा, बहुतेक वेळा व्होल्टेज १४ च्या आसपास स्थिर होतं. तेही झालं नाही तर स्कॅनर लावून ईसीयू किती मागतो आणि अल्टरनेटर किती देतो हे शेजारी शेजारी वाचा. मागणीच कमी असेल तर अल्टरनेटर बदलून काय होणार? जादा दिवे किंवा गाण्याच्या टेपचा मायनस थेट बॅटरीच्या खांबाला जोडला असेल तर तो चेसिसला हलवा, नाहीतर सेन्सरला तो करंट दिसत नाही आणि बॅटरीचा हिशेब चुकतो.

डिझेलमध्ये आणखी एक: ग्लो प्लगचा (थंड इंजिन सुरू करायला तापणारे प्लग) रिले चिकटला तर चार प्लग मिळून ४० ते ६० अँपिअर सतत ओढतात आणि चांगला अल्टरनेटरही दुबळा वाटतो. इंजिन गरम असताना ग्लो प्लगच्या जाड वायरीवर डीसी क्लॅम्प लावा, शून्य यायला हवं. क्लॅम्प विकत घेताना डीसी अँपिअर मोजतो का ते विचारून घ्या, बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात.

खाडीपट्टा

काम झालं. प्लस बाजूला दोष फ्यूजच्या बोल्टखालीच होता, होल्डर एका बाजूने वितळलेला. होल्डर, फ्यूज आणि १६ ची वायर नवी घातली. अर्थ पट्टी हातात घेऊन वाकवली तर तिची पूड झाली. नवी पट्टी टाकली आणि ब्लॉकवरून मायनसला जादा वायर ओढली.

तोच लोड, तेच २००० आरपीएम: बॅटरीवर १४.०, प्लस ड्रॉप ०.१४, मायनस ०.०६. सेल्फला ब्लॉक ते मायनस ०.२. दिवा पूर्ण विझलेला. बी प्लस सोडवूनही ३१० तसाच राहिला, टेपचा फ्यूज काढल्यावर २५ वर आला. टेपची मुख्य वायर थेट बॅटरीवरून घेतलेली आहे. आता हौद्याच्या तळाला पत्रा वेल्ड करायचा आहे, त्याआधी काही काढावं लागेल का?

तांब्याची तार

आकडे छान आले. २५ मिलिअँपिअर ठीक आहे. टेपची ती वायर चावीच्या लाइनवर रिले घालून घ्या, रिलेला टेपच्या रेटिंगचाच फ्यूज.

वेल्डिंगआधी बॅटरीचा मायनस आणि प्लस दोन्ही काढा आणि अल्टरनेटरच्या बी प्लसची वायर सोडवून वेगळी गुंडाळा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे जोड द्यायचा त्याच पत्र्यावर, वीतभर अंतरात लावा. तो पुढे बंपरला किंवा इंजिनला लावला तर वेल्डिंगचा करंट बेअरिंग आणि अर्थ पट्टीतून जाईल. काम झाल्यावर आधी बी प्लस, मग बॅटरी प्लस, शेवटी मायनस जोडा. पत्रा बसवताना पाणी निघायला मागच्या बाजूला नळी ठेवा आणि तिचं तोंड चाकाच्या मागे काढा, म्हणजे खारं पाणी बॅटरी आणि अर्थच्या बोल्टवर येणार नाही. बॅटरी अजून १२.३५ वरच असेल तर गाडीवर भरेल म्हणून सोडू नका. बाहेर काढून ८ अँपिअरच्या चार्जरवर १२.६ च्या वर स्थिर होईपर्यंत भरून घ्या. निम्म्यावर राहिली की शिशाच्या प्लेटवर सल्फेट धरतं आणि नवी बॅटरीही वर्षभरात बसते.